जाणाऱ्या-येणाऱ्यांचें गोंदिया



गोंदियाचें नांव निघालें कीं बहुतेकांना आठवतें तें रेल्वेचें जंक्शन आणि भाताच्या गिरण्या. या भागाला कलेचाहि इतिहास आहे, ही कल्पना शहरांतील सुशिक्षितांच्या मनाला सहसा शिवत नाहीं. उलट, येथें मूळचे कोण आणि उपरे कोण, हा वाद मात्र हौसेनें घातला जातो.

प्रथम एका जाणाऱ्याची गोष्ट. आठव्या शतकांतील भवभूति आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेंत आपलें गांव पद्मपूर म्हणून सांगतो. तें म्हणजे आमगांवजवळील पदमपूर, असें महामहोपाध्याय मिराशी यांनीं प्रतिपादिलें. कवि कनोजच्या यशोवर्म्याच्या आश्रयास गेला, त्याचीं नाटकें कालप्रियनाथाच्या यात्रेंत झालीं. परंतु तेथल्या प्रेक्षकांसमोर सूत्रधाराच्या तोंडून त्यानें वदविलें तें दूर राहिलेल्या गांवाचेंच नांव!

येणारे तर अनेक. गोंडांच्या या मुलखांत माळव्याकडून पोवार आले, ते आपली पोवारी बोली घेऊन. कोहळ्यांनीं तलाव बांधले. नवेगांवचा बांध त्यांचाच. १८८७ सालीं बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं जबलपूरकडे अरुंद रुळांची गाडी धांवूं लागली. तिच्या पाठोपाठ गुजराती, मारवाडी, छत्तीसगडी मंडळी आली. तेंदूच्या पानांवर विड्यांचा धंदा उभा राहिला. त्याच धंद्यांतील मनोहरभाई पटेल यांनीं १९५८ सालीं गोंदिया शिक्षण संस्था काढली. तीं अरुंद रुळें आतां उखडलीं गेलीं, माणसें राहिलीं.

हीं सारीं माणसें एकत्र कोठें येतात? माझ्या मतें बाजाराहूनहि अधिक मंडईंत. ही मंडई भाजीची नव्हे. दिवाळीनंतर गांवोगांव भरणारी ही जत्रा. तींत रात्रभर दंडार चालते, खडी गंमत होते. पुरुष स्त्रियांचीं सोंगें घेतात, शाहीर मराठींत हिंदी मिसळतो, आणि कोणालाहि दुभाषा लागत नाहीं. शब्दच साक्ष देतात. सीमेपलीकडे छत्तीसगडांतहि जत्रेला मड़ई म्हणतात, आणि तेथल्या नाचांतील प्रहसनाला गम्मतच. १९५६ सालीं प्रांतरचनेनें मध्यें रेघ ओढली. सोंगाड्यांनीं ती मनावर घेतली नाहीं.

येथें एक मौज सांगण्यासारखी आहे. भवभूतीनें आपल्या नाटकांत विदूषकाला जागा दिली नाहीं. त्याच्या मुलखांतल्या लोकनाट्याचें मात्र सोंगाड्यावांचून पान हलत नाहीं!

तथापि आमच्या कांहीं सुशिक्षित घरांत पोवारी बोलणें कमीपणाचें आणि गंमत पाहणें अशिष्ट मानतात. मुलांना आजीची बोली कळेनाशी झाली, तर सोंगाड्याच्या विनोदाला हंसणार कोण? भवभूतीचा अभिमान वाहणाऱ्यांनीं येत्या मंडईंत एक रात्र तरी जाऊन बसावें. थंडी फार असते. घोंगडी बरोबर असूं द्यावी.