शेक्सपिअरची नाटकं नक्की कुणी लिहिली?

आजचा प्रश्न जुना आहे, पण दर काही वर्षांनी पुन्हा डोकं वर काढतो. 'हॅम्लेट', 'मॅकबेथ' लिहिणारा माणूस खरंच स्ट्रॅटफर्डचा विल्यम शेक्सपिअर होता, की त्या नावाआड दुसराच कुणी?

आधी शंका घेणाऱ्यांचं ऐकू. विल्यमचे वडील हातमोजे बनवायचे. पोरगा विद्यापीठात गेला नाही. त्याच्या हातच्या जेमतेम ६ सह्या मानल्या जातात, त्यांतही स्पेलिंग एकसारखं नाही. १६१६च्या मृत्युपत्रात पलंग आहे, पण एका पुस्तकाचा किंवा नाटकाचा उल्लेख नाही. मग दरबार, कायदा, इटली हे याला कळलं कुठून? १८५७मध्ये डीलिया बेकन या अमेरिकन लेखिकेने नाटकांचं श्रेय फ्रान्सिस बेकन आणि इतर काही बड्या लोकांना दिलं. १९२०मध्ये लूनी नावाच्या इंग्लिश शिक्षकाने ऑक्सफर्डचा अर्ल, एडवर्ड डी व्हेर, पुढे आणला.

खरं सांगतो, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे पटलं होतं. मग एकेक गाठ सुटत गेली.

मृत्युपत्रात नाटकं का नाहीत? कारण ती नाटक मंडळीच्या मालकीची असायची. मी दिवसभर कोड लिहितो, तोही माझा नसतो, कंपनीचा असतो. उद्या माझ्या मृत्युपत्रात तो सापडला नाही, म्हणून मी प्रोग्रामर नव्हतो असं होईल का?

अर्ल वारला १६०४मध्ये. 'द टेम्पेस्ट'वर मात्र १६०९मध्ये बर्म्युडाजवळ फुटलेल्या जहाजाच्या हकिकतींची छाप आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

माझा सगळ्यात आवडता पुरावा म्हणजे एक चूक. 'मच अडू अबाउट नथिंग'च्या १६००च्या छापील प्रतीत डॉगबेरी या पात्राच्या काही संवादांपुढे चक्क 'केम्प' छापलंय. विल केम्प हा शेक्सपिअरच्याच मंडळीतला विनोदी नट! म्हणजे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पात्राऐवजी नटच उभा होता. महालात बसून गुपचूप लिहिणाऱ्याची ही चूक वाटत नाही. रोज तालमीत वावरणाऱ्याची वाटते.

शिवाय १६२३मध्ये ३६ नाटकांचा मोठा ग्रंथ, 'फर्स्ट फोलिओ', निघाला. त्यासाठी हेमिंग्ज आणि कॉन्डेल या सहकारी नटांनी नाटकं गोळा केली. स्ट्रॅटफर्डच्या मृत्युपत्रात या दोघांना आठवणीची अंगठी घ्यायला पैसे ठेवलेत. ती ओळ मागाहून घातली आहे, यावर शंकेखोर बोट ठेवतात. पण फोलिओतच लिओनर्ड डिग्जच्या कवितेत कवीच्या स्ट्रॅटफर्डमधल्या स्मारकाचा उल्लेख आहे. ती ओळ सोडली तरी धागा तुटत नाही.

हां, सगळं त्याने एकट्याने लिहिलं असंही नाही. जॉन फ्लेचरसोबत त्याने शेवटची काही नाटकं लिहिली. तेव्हा मिळून लिहिणं ही रोजचीच गोष्ट होती.

मग हा वाद टिकतो कशावर? मला वाटतं, एका जुन्या समजावर: मोठं काम मोठ्या घरातलाच माणूस करणार. त्याच काळातला बेन जॉन्सन विटांचं गवंडीकाम करून आलेला, विद्यापीठात न शिकलेला. त्याच्या नाटकांना कुणी अर्ल शोधत बसत नाही. शेक्सपिअर फार मोठा झाला, म्हणून त्याचं घर लहान वाटायला लागलं.

पुरावे मागा, जरूर मागा. फक्त 'कुठल्या घरातला, कुठल्या कॉलेजचा?' याला पुरावा समजू नका. भेटू पुढच्या भागात!