वाड्याची भिंत आणि रात्रीचा वारा

मंडळी, जुन्या पुण्याचा विषय निघाला की "वाडे कसे गार असायचे!" हे वाक्य ठरलेलं. पण का गार असायचे? "जाड भिंती" हे उत्तर अर्धंच आहे. मी संगणकवाला असलो तरी डिग्री इंजिनिअरिंगची, म्हणून जरा हिशेब मांडला.

दुसऱ्या बाजीरावाने १८०७ साली बांधलेला विश्रामबागवाडा अजून उभा आहे, एकदा बघून या. पेठांतल्या वाड्यांची साधारण रचना अशी: दगडी जोतं, सागवानी खांब-तुळया आणि विटा-मातीची दीड-दोन फुटी भिंत. वीट-माती उष्णता फारशी अडवत नाही, साठवते मात्र भरपूर. दीड फुटी भिंतीच्या एका चौरस मीटरमध्ये ७०० किलोच्या वर माल असतो! तो तापून दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते. आमच्या भाषेत, भिंत म्हणजे बफर.

पण भरलेला बफर रिकामाही करावा लागतो. ते काम चौकाचं. एप्रिलमध्ये पुण्यात दुपारी ३८ अंश असले तरी पहाटे पारा विशीच्या आसपास उतरतो. ती गार हवा चौकातून, खिडक्यांतून आत खेळायची आणि सकाळी भिंत पुन्हा रिकामी. मुंबईत रात्रीही उकाडा, तिथे हे गणित असं जमत नाही.

मग १२ जुलै १९६१ उजाडला. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. उन्हाळे सोसलेली माती पुराच्या पाण्यात विरघळली, नदीकाठच्या पेठांतले कित्येक वाडे बसले. हे पाहिलेल्या माणसाने पुन्हा मातीची भिंत घातली नाही, तर त्याला दोष कसा द्यायचा? पुढे सिमेंटचा सांगाडा आला, जागा चौरस फुटावर विकली जाऊ लागली आणि भिंत सहा इंचांवर आली.

आता भिंतीत मेण भरायचे प्रयोग होतात. पंचविशीच्या आसपास वितळणारं एक किलो पॅराफिन वितळताना साधारण २०० किलोज्यूल उष्णता गिळतं. तेवढ्यासाठी दहा अंश तापणाऱ्या वीसेक किलो विटा लागतील. भारीच! पण हे मेण रात्री पुन्हा गोठलं नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग शून्य. आणि आपण तर खिडक्या लावून एसी सुरू करतो.

असो. उरलेला वाडा पाडा किंवा राखा, पण नवं घर घेताना एवढं नक्की बघा: रात्री समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडता येतात का?