बंद क्लबाचं दार लोकांसाठी उघडलं



आज अमेरिकेतल्या शिकागो शहरातल्या एका इमारतीची गोष्ट सांगते. शिकागो म्हटलं की आपल्याला विवेकानंद आठवतात. १८९३ साली तिथे जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि त्याच निमित्ताने सर्वधर्म परिषद झाली. प्रदर्शन भरलं होतं मिशिगन सरोवराच्या काठी, जॅक्सन पार्कात. सरोवर म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत नाही, समुद्रच जणू.

याच काठाने थोडं दक्षिणेला गेलं की ती इमारत लागते. शहरातल्या पैसेवाल्यांनी १९०५ साली तिथे साउथ शोअर कंट्री क्लब काढला. आज दिसते ती मोठी इमारत १९१६ सालची. आत नाचाचं दालन, बाहेर गोल्फचं मैदान, घोड्यांचे तबेले आणि सरोवराचा स्वतःचा किनारा. हे सगळं फक्त सभासदांसाठी. तुम्ही म्हणाल, आपला बचत गटही सभासदांचाच असतो. खरं आहे. पण या क्लबात कृष्णवर्णीयांना आणि ज्यूंना सभासदच होता येत नव्हतं. पैसा असला तरी नाही.

पुढे आजूबाजूच्या वस्तीत कृष्णवर्णीय कुटुंबं राहायला आली. क्लबाने त्यांना आत घेतलं नाही. जुने सभासद वस्ती सोडून गेले, संख्या घटत गेली आणि १९७४ साली क्लब बंद पडला. शहराच्या उद्यान विभागाने सुमारे ९८ लाख डॉलरला ती जागा विकत घेतली.

गोष्ट इथे संपली असती, तर सांगण्यासारखं काही नव्हतं. उद्यान विभागाने इमारत पाडायचं ठरवलं होतं. तेव्हा वस्तीतले लोक एकत्र आले. ज्या दारातून आपल्याला कधी आत घेतलं नाही, ती इमारत पडली तर पडू दे, असं ते म्हणाले नाहीत. ही आता सार्वजनिक जागा आहे, ती आम्हाला वापरायला द्या, असं ते म्हणाले. संघटना बांधली, पाठपुरावा केला. इमारत वाचली, दुरुस्त झाली आणि साउथ शोअर सांस्कृतिक केंद्र झाली. आता तिथे नाटकं होतात, कलेचे वर्ग भरतात, लग्नं लागतात. याच वस्तीत वाढलेल्या मिशेल आणि त्यांचे पती बराक ओबामा यांच्या लग्नाचा स्वागत समारंभ १९९२ साली इथेच झाला.

आसपास आणखी दोन ठिकाणं आहेत. उत्तरेला जॅक्सन पार्क. तिथल्या प्रदर्शनात महिलांसाठी वेगळं भवन होतं आणि त्याचा आराखडा सोफिया हेडन या तरुण स्त्रीने केला होता. ते भवन आता नाही, पण प्रदर्शनातल्या कलाभवनाच्या इमारतीत आज विज्ञान संग्रहालय आहे. दक्षिणेला रेनबो बीच. हा किनारा सार्वजनिकच होता, तरी कृष्णवर्णीयांना तिथून हुसकावलं जायचं. १९६१ साली कृष्णवर्णीय आणि गोरी तरुण मंडळी मिळून मुद्दाम तिथे गेली आणि पाण्यात उतरली. हे ऐकून तुम्हाला १९२७ सालचं महाडचं चवदार तळं आठवलं असेल. तेही कागदावर सगळ्यांसाठी खुलं झालेलं होतं. प्रत्यक्षात खुलं व्हायला माणसांना पाण्यापर्यंत चालत जावं लागलं.

आता आपल्याकडे पाहू. गटांच्या बैठकांना मी गावोगाव जाते. कितीतरी ठिकाणी समाजमंदिर सरकारी पैशातून बांधलेलं असतं, पण दाराला कुलूप. चावी एखाद्याच घरी असते. आत खतांची पोती, मांडवाचं सामान. आणि बाया बैठक घेतात कुणाच्या तरी ओसरीवर, पाऊस आला की उठून आत-बाहेर करत.

मैत्रिणींनो, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असं कायदाच सांगतो. पुढच्या महिला सभेत हा विषय मांडा. चावी ग्रामपंचायतीत असावी, महिन्यातला एक दिवस गटांच्या बैठकीसाठी ठरवून मिळावा, असा ठराव लिहून घ्या. लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका. एकटीने मागितलं तर नाही म्हणणं सोपं असतं, म्हणून चार-पाच गटांनी मिळून जा.

आणि दार उघडलं की एक पथ्य पाळा. आपल्या गटात नसलेल्या बाईलाही त्या सतरंजीवर जागा असू द्या. नाहीतर कुलूप तेच राहील, फक्त चावी आपल्याकडे येईल.