पहाऱ्याचा विलंब

सोलापुराहून हैदराबादेकडे जाणारा जुना रस्ता नळदुर्गापाशी बोरी नदी ओलांडतो. आज त्या रस्त्याने जाणाऱ्या वाहनास तेथे कसलीही सरहद्द जाणवत नसली, तरी शंभर वर्षांपूर्वी इंग्रजी मुलूख मागे टाकून निजामाच्या अंमलात शिरणाऱ्या बैलगाडीस ती चांगलीच जाणवत असे. सोलापूर जिल्हा मुंबई इलाख्यात आणि त्याला लागून असलेला तुळजापूर, नळदुर्ग, उमरगे, परंडा हा सारा प्रदेश हैदराबाद संस्थानात, अशी वाटणी असल्यामुळे या सीमेवर संस्थानच्या करोडगिरी, म्हणजे जकात, खात्याची सत्ता चाले. निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यामध्ये 1802 साली झालेल्या व्यापारी तहान्वये मालाच्या किमतीवर शेकडा पाच जकात ठरली होती. आणि किमतीवर आकारणी करावयाची म्हटले म्हणजे गाठोडे सोडणे, माल पाहणे, त्याचे मोल ठरविणे, पैसे भरून घेणे व पावती देणे हे सारे ओघानेच आले. मध्यंतरी 1853 ते 1860 या सात वर्षांत नळदुर्ग जिल्हा कंपनीच्या, आणि पुढे राणीच्या सरकारच्या, कारभाराखाली होता, कर्नल मेडोज टेलर यांनी येथील बंदोबस्त पाहिला, आणि नंतर तो जिल्हा निजामाकडे परत गेला. म्हणजे सीमा एकदा पूर्वेस सरकली आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसली. तिजोरीत जमा झालेल्या रकमेचे हिशेब राज्याच्या दप्तरात राहतात. गाडीवानाचा जो वेळ नाक्यावर खर्ची पडला, त्याची नोंद मात्र कोठल्याच दप्तरात होत नाही.

हा इतिहास आठवण्याचे कारण असे की, आज याच मुलखातल्या धाराशिव जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी, सेतू कार्यालयात अथवा आपले सरकार सेवा केंद्रात, एक प्रश्न वारंवार विचारला जातो: संगणकात अँटीव्हायरस घातला म्हणजे ब्राउझर मंद होतो काय? प्रश्न तांत्रिक वाटतो आणि त्याचे उत्तर बहुधा कोणी तरी घाईने ‘होतो’ किंवा ‘छे, मुळीच नाही’ असे देऊन टाकतो. माझ्या मते त्याचे खरे उत्तर इतिहासात आहे, कारण अँटीव्हायरस हा पहारा ज्या काळी आणि ज्या धोक्यासाठी बसविला गेला, तो काळ व तो धोका दोन्ही बदलले, आणि पहाऱ्याची जागा मात्र मालाच्या मागोमाग सरकत सरकत थेट ब्राउझरच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचली.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात उपग्रहाच्या साहाय्याने देशातील जिल्ह्यांची मुख्यालये जोडावयास आरंभ केला, आणि सरकारी कारभारात संगणकाचा प्रवेश झाला तो प्रथम अशा कचेऱ्यांतून. त्या संगणकांवर ब्राउझर नव्हता, कारण जागतिक जाळेच अद्याप जन्मास यावयाचे होते. माहिती एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाई ती फ्लॉपीवरून, आणि उपद्रवही त्याच वाटेने येई. लाहोरच्या दोन बंधूंनी 1986 साली लिहिलेला ‘ब्रेन’ हा वैयक्तिक संगणकावर पसरलेला पहिला व्हायरस मानला जातो. त्यानंतर चारच वर्षांनी, 1990 साली, भारतात एक व्हायरस आढळला, त्याचे नाव मराठी वाचकास थबकावयास लावणारे आहे. त्याचे नाव ‘जोशी’. तो फ्लॉपीच्या आरंभभागात दडून बसे आणि दर वर्षी 5 जानेवारीस संगणक अडवून धरी. ‘हॅपी बर्थडे जोशी’ ही अक्षरे कळफलकावर उमटविल्याखेरीज यंत्र पुढे हलत नसे. कर्त्याचा हेतू काहीही असो, कचेरीतला एक कामाचा दिवस त्यापायी वाया जाई, आणि यंत्रास पहारा हवा ही जाणीव आपल्याकडे रुजली ती अशाच प्रसंगांतून.

तो पहारा देणारा धंदा महाराष्ट्रातच उभा राहिला, ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशी आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम पत्करले, पुढे स्वतःचे दुकान थाटले आणि 1993 साली ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ ही संस्था काढली. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांपैकी पुष्कळांचा बिघाड यंत्राचा नसून व्हायरसचा असे. त्यांचे धाकटे बंधू संजय पुण्यातच संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी एकेका व्हायरसवर उतारा म्हणून लहान लहान आज्ञावल्या लिहिल्या, आणि त्यांतून 1995 साली डॉस प्रणालीसाठी ‘क्विक हील’ हे सॉफ्टवेअर बाजारात आले. 2007 साली संस्थेने तेच नाव धारण केले आणि फेब्रुवारी 2016 मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात दाखल झाले. जिल्ह्याजिल्ह्यांतील संगणक विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या दुकानदारांच्या हातून हा माल विकला जाई, म्हणूनच जेथे इंटरनेट धड पोहोचले नव्हते अशा गावांतही नव्या संगणकाबरोबर अँटीव्हायरसची खोकी पोहोचली.

त्या आरंभीच्या पहाऱ्याची रीत साधी होती. ज्ञात व्हायरसांच्या खुणांची एक यादी असे, आणि फ्लॉपी आत घातली की तीवरील प्रत्येक फाइल त्या यादीशी ताडून पाहिली जाई. झडती पुरी होईतो माणूस थांबे, आणि थांबण्यास त्याची हरकत नसे, कारण फ्लॉपी दिवसातून दोन-चारदाच घालावी लागे. पुढे 2001 साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली, एमएस-सीआयटीच्या वर्गांनी तालुक्यातालुक्यांत संगणक नेला, फ्लॉपीची जागा पेनड्राइव्हने घेतली, आणि उपद्रवाचा वेग एकदम वाढला. वर्गातला पेनड्राइव्ह सायबर कॅफेत, कॅफेतला झेरॉक्सच्या दुकानात, दुकानातला पंचायत समितीच्या कचेरीत असा फिरे, आणि विंडोज प्रणाली पेनड्राइव्ह उघडताच त्यावरील आज्ञावली आपण होऊन चालू करीत असल्यामुळे संसर्गास कोणाच्या परवान्याची गरजच उरत नसे. मायक्रोसॉफ्टने ही सोय जुन्या विंडोजवरून काढून घेतली ती 2011 साली. तोवर यंत्रात शिरणाऱ्या प्रत्येक फाइलीची उघडताक्षणी तपासणी करणारा, अष्टौप्रहर जागा असलेला पहारा सर्वमान्य झाला होता, आणि माझ्या मते तो त्या काळी सर्वथा योग्यच होता.

विलंबाची गोष्ट सुरू होते ती येथून. एखाद्या वृत्तपत्राचे संकेतस्थळ उघडले म्हणजे आपणांस एक पान दिसते, परंतु ते पान चित्रे, लिपी, आज्ञावल्या, जाहिराती अशा शेकडो लहानमोठ्या तुकड्यांचे बनलेले असते, आणि ब्राउझर त्यांतील बरेचसे तुकडे पुढील वेळी झटपट सापडावेत म्हणून डिस्कवर साठवून ठेवतो. अँटीव्हायरस बसलेला असतो तो नेमका फाइल उघडण्याच्या आणि लिहिण्याच्या वाटेवर. म्हणजे जो नाका दिवसातून चार गाड्यांसाठी उभारला होता, त्यावरून आता एका श्वासात शेकडो गाड्या जाऊ लागल्या. शहाणा अँटीव्हायरस एकदा तपासलेली आणि न बदललेली फाइल ध्यानात ठेवून तिला पुन्हा अडवीत नाही, हे खरे. परंतु व्हायरसांची यादी अद्ययावत झाली की जुने दाखले रद्द होतात आणि झडती नव्याने सुरू होते. यामुळेच सकाळी संगणक चालू केल्यावर, अद्ययावतीकरण चालले असता, ब्राउझर सर्वांत मंद भासतो. ज्या यंत्रात फिरती हार्डडिस्क आहे आणि स्मृती अवघी दोन जीबी आहे तेथे हा भार असह्य होतो. ज्यात एसएसडी आहे तेथे तो बहुधा जाणवतही नाही. आपल्या जिल्ह्यातील सेवा केंद्रांत पहिल्या जातीची यंत्रे आजही पुष्कळ आहेत, आणि मोठ्या शहरातल्या माणसाने ‘आम्हांला तर काही फरक दिसत नाही’ असे म्हटले तरी त्याचे म्हणणे येथे लागू पडत नाही.

याहून गंभीर असा दुसरा विलंब नंतरच्या काळात उद्भवला. संकेतस्थळे आणि ब्राउझर यांच्यामधील संभाषण आता बहुतेक सर्वत्र कुलूपबंद, म्हणजे कूटबद्ध असते, आणि वाटेतल्या कोणासही ते वाचता येत नाही. काही अँटीव्हायरसांनी यावर तोड काढली ती अशी की, यंत्रात स्वतःचे प्रमाणपत्र बसवावयाचे, ब्राउझरच्या वतीने संकेतस्थळाशी आपणच बोलावयाचे, आलेला मजकूर उलगडून तपासावयाचा आणि पुन्हा कूटबद्ध करून ब्राउझरच्या हाती द्यावयाचा. एकाच पत्राचा लखोटा दोनदा फोडून दोनदा बंद करण्याचे हे काम वेळ खाते हे उघड आहे. परंतु 2017 साली अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात याहून अधिक काळजीची गोष्ट आढळली. अशी मध्यस्थी करणाऱ्या पुष्कळ उत्पादनांमुळे संभाषणाची सुरक्षितता वाढण्याऐवजी घटत होती, कारण त्यांची स्वतःची कूटपद्धती ब्राउझरहून दुबळी होती. जो पहारा संरक्षणासाठी ठेवला, त्यानेच तटाला भगदाड पाडावे, हे मला कोणत्याही मंदपणाहून अधिक अनिष्ट वाटते.

पहारेकऱ्याच्या हाती सर्व मालाची झडती असली म्हणजे त्याच्या नीतीची परीक्षा होते, हेही या धंद्याने दाखविले. ‘अवास्ट’ या प्रसिद्ध अँटीव्हायरस संस्थेची एक उपकंपनी ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती विकीत होती. प्रकरण उघडकीस आल्यावर जानेवारी 2020 मध्ये ती बंद करण्यात आली, आणि 2024 साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्या संस्थेकडून 1 कोटी 65 लाख डॉलरची रक्कम वसूल करण्याचा हुकूम काढला.

ब्राउझर करणाऱ्यांचा आणि पहारा करणाऱ्यांचा हा तंटा दोन्ही बाजूंनी चालला. अँटीव्हायरस आपला काही भाग ब्राउझरच्या पोटात घुसवीत, त्यामुळे ब्राउझर कोसळत. म्हणून गूगलने 2018 साली क्रोममध्ये अशी घुसखोरी क्रमाक्रमाने बंद करावयास घेतली. सर्वांत बोधप्रद कथा मात्र फायरफॉक्सची आहे. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, विंडोजबरोबरच डिफेंडर हा अँटीव्हायरस मिळू लागला, आणि फायरफॉक्स चालू असताना तो प्रोसेसरवर अवास्तव भार टाकतो अशी तक्रार 2018 साली नोंदविली गेली. ती पाच वर्षे लोंबकळत राहिली. शेवटी शोधाअंती असे आढळले की, स्मृतीच्या परवान्यांत बदल करणारी एक विशिष्ट क्रिया फायरफॉक्स इतर ब्राउझरांहून कितीतरी अधिक वेळा करतो, आणि डिफेंडर अशा प्रत्येक क्रियेची दखल घेताना गरजेहून फार मोठा खटाटोप करतो. एप्रिल 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती केली आणि फायरफॉक्सवर ब्राउझिंग करताना डिफेंडरला लागणारा प्रोसेसरचा वेळ सुमारे 75 टक्क्यांनी घटला. या एका उदाहरणाने दोन गोष्टी सिद्ध होतात: अँटीव्हायरसमुळे ब्राउझर मंद होतो ही लोकांची तक्रार कल्पित नव्हती, आणि तो मंदपणा अटळही नव्हता. आरंभी सांगितलेला करोडगिरीचा नाका उठावा म्हणून राजवट बदलावी लागली. 13 सप्टेंबर 1948 रोजी सोलापुराहून निघालेल्या भारतीय सैन्याने नळदुर्ग आणि बोरीवरील पूल ताब्यात घेतला, 1 नोव्हेंबर 1956 रोजी आजचा धाराशिव जिल्हा मुंबई राज्यात आला, आणि सीमाच उरली नाही. संगणकाच्या पहाऱ्यास तसे उठविता यावयाचे नाही, कारण चोर अद्याप आहेत. त्यास सुधारावेच लागते.

जुलै महिना संपत आला म्हणजे भूम, वाशी, कळंब, लोहारा येथील केंद्रांपुढे सोयाबीनच्या पीकविम्यासाठी शेतकऱ्यांच्या रांगा लागतात, आणि पान उघडत नाही म्हणून त्रासलेला केंद्रचालक प्रथम हात घालतो तो अँटीव्हायरसला. मला हे फार धोक्याचे वाटते. त्या संगणकावर शेकडो कुटुंबांचे आधार क्रमांक, सातबारे आणि बँकेची खाती उघडली जातात. पहारा काढल्यावर तेथे काही शिरले, तर हानी चालकाची होत नाही, त्या रांगेतल्या माणसांची होते. शिवाय त्या दिवसांतला विलंब बहुतांशी दूरच्या सर्व्हरवर एकाच वेळी पडलेल्या भाराचा असतो, आणि त्यास घरचा अँटीव्हायरस जबाबदार नसतो. दोष कोणाचा हे ओळखण्याचा मार्ग सोपा आहे. पान अडकले असता टास्क मॅनेजर उघडून पाहावे; प्रोसेसर किंवा डिस्क शंभर टक्क्यांशी पोहोचली असेल आणि वरच्या ओळीत अँटीव्हायरसचे नाव असेल, तर विलंब पहाऱ्याचा; यंत्र शांत असेल, तर विलंब वाटेचा किंवा पलीकडच्या सर्व्हरचा.

केंद्रचालकांस माझी विनंती एवढीच की, हे काम जुलैच्या अखेरच्या रात्रीसाठी ठेवू नये. जूनमध्येच एकदा यंत्र तपासावे. दोन अँटीव्हायरस एकत्र असतील तर एक काढावा, मुदत संपलेला असेल तर तो काढून विंडोजचा डिफेंडर चालू आहे याची खात्री करावी, अँटीव्हायरसबरोबर ब्राउझरमध्ये आलेल्या पट्ट्या आणि जोडण्या काढून टाकाव्यात, संपूर्ण डिस्कची तपासणी केंद्र बंद झाल्यानंतरच्या वेळेवर लावावी, आणि चार पैसे हाती असतील तर हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. एवढे करूनही यंत्र मंदच राहिले, तर नवे यंत्र मागावे. पहारा मात्र काढू नये.