बर्लिनची मशाल

१९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिकची हकीकत मीं शाळेंत कित्येक वर्षें सांगितली. जेसी ओवेन्स या कृष्णवर्णी अमेरिकन खेळाडूनें चार सुवर्णपदकें जिंकून हिटलरच्या वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांताचा फज्जा उडविला, असें म्हटलें कीं मुलें टाळ्या पिटीत आणि माझा तास संपे. आज वाटतें, तो तेथें संपावयास नको होता.

बर्लिनला यजमानपद मिळालें तें १९३१ सालीं. तेव्हां हिटलर सत्तेवर नव्हता. १९३३ सालीं तो सत्तेवर आला, आणि आयत्या चालून आलेल्या या संधीचें मोल त्याचा प्रचारमंत्री गोबेल्स यानें बरोबर ओळखिलें. सुमारें एक लाख प्रेक्षकांचें क्रीडांगण उभें राहिलें. ऑलिंपियाहून तीन हजारांवर धावकांनीं पेटती मशाल हातोहात बर्लिनला आणिली. हा विधि प्राचीन ग्रीकांचा, अशी आपली समजूत असते. वस्तुतः मशालीची ही दौड प्रथम झाली ती याच सोहळ्यासाठीं.

१९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनीं ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क हिरावून घेतले होते. अमेरिकेंत बहिष्काराची चळवळही झाली. म्हणून पाहुणे येण्यापूर्वीं ज्यूद्वेषाचे फलक रस्त्यांवरून उतरविण्यांत आले. १६ जुलै रोजीं जिप्सी कुटुंबांना शहराच्या कडेला मार्झान येथील छावणींत डांबण्यांत आलें. उंच उडींत जर्मन विक्रमाची बरोबरी करणारी ग्रेटेल बर्गमान ज्यू म्हणून संघांतून वगळली गेली. आणि तीही अमेरिकन संघाचें जहाज बंदरांतून सुटल्यानंतर!

१ ऑगस्टला ४९ देशांचे संघ मैदानांत उतरले. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानेंही तेथें भारतीय खेळांचीं प्रात्यक्षिकें केलीं. ध्यानचंदांच्या हॉकी संघानें अंतिम सामन्यांत यजमानांनाच ८-१ असें हरविलें. या साऱ्यांचा पराक्रम निर्भेळ होता. परंतु पदकांच्या यादींत ३३ सुवर्णपदकांनिशीं जर्मनीच पहिली आली, आणि अनेक पाहुणे तेथील शिस्त व आतिथ्य वाखाणीत घरीं परतले. त्याच वर्षीं मार्चमध्यें ऱ्हाइनलँडांत सैन्य धाडणाऱ्या राजवटीवर शांतताप्रेमाची अशी कल्हई झाली. पुढें काय झालें? मशाल ज्या वाटेनें आली, त्या वाटेवरील ऑस्ट्रियांत १९३८ सालीं, चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानींत १९३९ सालीं, आणि युगोस्लाव्हिया व ग्रीस या देशांत १९४१ सालीं जर्मन फौजा शिरल्या.

ओवेन्स जिंकला हें खरें. पण म्हणून यजमान हरला, असें होत नाहीं. यजमानाला हवी होती ती जगाची हजेरी, आणि ती त्याला मिळाली. १९७८ सालीं अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीनेंही फुटबॉलच्या विश्वचषकाचा असाच उपयोग करून घेतला.

खेळांचे असे मेळे पुढेंही भरतील, आणि आपण ते हौसेनें पाहूं, पाहावेतही. मात्र पाहुणे येण्यापूर्वीं कोणते फलक उतरविले गेले आणि कोणाला गांवाबाहेर हलविलें गेलें, एवढें विचारावें. टाळ्या थांबल्यावर मुलांना मीं हाच प्रश्न घालावयास हवा होता. तो आज आपणांपुढें ठेवितों आणि रजा घेतों.