शालूची घडी

लग्नातला शालू वा पैठणी घरच्या घरी जपणे, ही आपल्या स्त्रियांची जुनी विद्या होय. तिचा शत्रू केवळ कसर नव्हे. जुनी जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली रुप्याची तार. ओढगस्तीच्या दिवसांत त्या रुप्यापायीच कित्येक पैठण्या जाळल्या गेल्या! उरल्या त्या घरच्या हट्टामुळे. धुवट मलमलीत गुंडाळावे, डांबरगोळी जरीला लागू देऊ नये, अत्तर तर नकोच. भोपाळच्या आनंद नगरात संसार मांडलेल्या मराठी घरांतही मृगापासून हस्तापर्यंत ओल असतेच. म्हणून आश्विनात सावलीत वारा द्यावा नि घडी बदलावी, कारण रेशीम जुन्या घडीवरच चिरते. टांगून मात्र ठेवू नये; पदराच्या भारानेच ते फाटते.