जॅकडॉची भावकी

कऱ्हाडला खेटून असलेल्या मलकापुरातून समुद्र गाठायचा, तर पाटण, कोयनानगर मागे टाकून कुंभार्ली घाट उतरायचा, मग चिपळूण, मग खाडी. पण इथल्या गेम खेळणाऱ्या पोरांना ‘जॅकडॉ’बद्दल विचारून बघा. तोफा कुठे वाढवायच्या, नाळेची धडक कधी द्यायची, सगळं तोंडपाठ असतं. ‘असॅसिन्स क्रीड : ब्लॅक फ्लॅग’ या २०१३ सालच्या व्हिडिओ गेममधलं हे शिडाचं जहाज. कुठल्याच गोदीत ते कधी बांधलं गेलं नाही. त्याला वंशावळ मात्र आहे, आणि त्याची भावकी शोधत गेलं की माणूस थेट कोकणात उतरतो.

आधी जवळचं गणगोत. २०१२ साली याच मालिकेतल्या अमेरिकन क्रांतीवरच्या गेममध्ये ‘अक्विला’ नावाचं जहाज आलं. समुद्राचा तो भाग गेम काढणाऱ्या युबिसॉफ्टच्या सिंगापूर स्टुडिओने रचला होता. खेळणाऱ्यांना तो आवडला, आणि पुढचा अख्खा गेमच जहाजावर बेतलेला आला. तीच जॅकडॉ. बांधणीने ती ब्रिग, म्हणजे दोन डोलकाठ्यांची आणि दोन्हींवर आडवी चौकोनी शिडं असलेली. याच घराण्यातून सिंगापूरकरांनी पुढे ‘स्कल अँड बोन्स’ काढला. तो बाजारात यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला, पण तोवर कथा कॅरिबियन सोडून हिंदी महासागरात आली होती आणि ताफ्यात धाऊ, सांबूक ही आपल्या ओळखीची नावं दिसू लागली होती.

जॅकडॉची कथा १७१५ मध्ये सुरू होते. त्याच्या आदल्याच वर्षी, १७१४ मध्ये, बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी आंग्रे शाहू महाराजांच्या बाजूला आले आणि सरखेलपद, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, त्यांच्याकडे कायम झालं. म्हणजे पडद्यावरचा जॅकडॉचा कप्तान एडवर्ड केनवे वेस्ट इंडीजमध्ये जहाजं लुटतो, त्याच वर्षांत सातारच्या गादीचं आरमार कोकणच्या पाण्यावर खरोखर लढत होतं. कऱ्हाडकडची माणसं तर त्याच्याही कितीतरी आधीपासून समुद्राकडे जात आली आहेत. राजपुरीच्या खाडीजवळच्या कुडे लेण्यांत दान दिलेल्यांमध्ये करहाकडचा, म्हणजे आपल्या कऱ्हाडचा, महिक नावाचा लोखंडाचा व्यापारी आहे.

आंग्र्यांचं मुख्य लढाऊ जहाज गुराब. अठराव्या शतकातला ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने तिचं वर्णन बारकाईने केलं आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशेपर्यंत. बूड उथळ, मधला भाग रुंद, आणि नाळ लांब निमुळती होत पुढे काढलेली. नाळेच्या मागे आडवी फळ्यांची भिंत. त्या भिंतीला भोकं पाडून नऊ ते बारा पौंडी दोन तोफा थेट समोर रोखलेल्या. बाजूंच्या तोफा त्याहून हलक्या. जॅकडॉचा खरा मारा कुशीतून होतो, गुराबीची मदार नाळेवर.

सोबत गलबतं. प्रत्येक सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की युरोपियन जहाज जागच्या जागी खिळून राही. मग गलबतं दोर लावून गुराबींना ओढत आणि त्या जहाजाच्या पिछाडीला नेऊन उभ्या करत. तिथे त्याच्या तोफा कमी. गुराबी नाळेवरून डोलकाठ्यांवर मारा करत, आणि शिडं लोळली की गलबतांवरची माणसं तलवारी उपसून वर चढत. हे वाचताना दरवेळी अंगावर काटा येतो. गेममध्ये वारा नसला तरी जहाज पुढे सरकतंच. इथे वारा नसणं हेच हत्यार केलं होतं, आणि ते करणारे कोळी-भंडारी खलाशी याच किनाऱ्यावरचे.

१७२० मध्ये इंग्रज विजयदुर्गावर आले आणि हात हलवत परत गेले. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर आले, तिथेही तेच. हे आरमार संपलं ते घरच्या हाताने. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्रातून इंग्रज दर्यासारंग वॉटसनची जहाजं आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज तुळाजी आंग्र्यांवर चालून गेली. ‘रिस्टोरेशन’ हे आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच जिंकलेलं जहाज. त्यावर गोळा पडून आग लागली, आणि शेजारी शेजारी नांगरलेल्या गुराबी एकापाठोपाठ एक जळाल्या. पुढे पेशव्यांच्या आरमाराच्या आनंदराव धुळपांनी एप्रिल १७८३ मध्ये इंग्रजांचं ‘रेंजर’ जहाज पकडून विजयदुर्गाला नेलं खरं, पण आंग्र्यांचा तो दरारा परत आला नाही. पेशव्यांच्या पराक्रमावर वाढलेल्या आम्हा घाटमाथ्यावरच्यांना १७५६ ची ही गोष्ट कडू लागते. तरी ती आपल्या पोरांना सांगितलीच पाहिजे.

गुराब पुन्हा बांधता येईल का? माझं उत्तर ठाम होय असं आहे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून गोव्यात काथ्याने शिवलेलं ‘कौंडिण्य’ उभं राहिलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखलही झालं. आराखडा नव्हता, होतं ते चित्र आणि बाबू शंकरन यांच्यासारख्या कारागिरांचा हात. गुराबीच्या बाबतीत हाताशी कितीतरी जास्त आहे. ऑर्मची मापं आहेत, जुनी चित्रं आहेत, आणि वाघोटन खाडीत गिर्ये इथे खडक कोरून केलेली आंग्रेकालीन गोदी आजही पाहता येते. आधी पडद्यावर बांधा, हरकत नाही, पुण्यात गेम बनवणारी मराठी पोरं आहेतच. फक्त सुरुवात नाळेवरच्या त्या दोन तोफांपासून करा. उथळ बूड, लांब नाळ, ओढायला गलबतं, हे सगळं त्या तोफा शत्रूच्या पिछाडीला नेऊन भिडवण्यासाठीच होतं.